पर्वतीच्या पायथ्याची बाग आणि पुण्याची पंगत

रविवारीं किंवा सणावाराच्या दिवशीं पुण्यांतील कुटुंबें सायंकाळचा वेळ घालविण्यासाठीं सारसबागेकडे वळतात. हा परिपाठ आतां इतका अंगवळणीं पडला आहे कीं, त्यांत कांहीं इतिहास असेल अशी शंकाही कोणास येत नाहीं. मुलांचा हात धरून तळ्यांतल्या गणपतीचें दर्शन घ्यावें, हिरवळीवर घटकाभर बसावें, आणि परततांना भेळ, पावभाजी किंवा उसाचा रस घेऊन घरचा रस्ता धरावा, एवढाच तो कार्यक्रम. परंतु ज्या हिरवळीवर हीं माणसें बसतात ती एका मोठ्या तळ्याचा तळ आहे. त्याच टेकडीच्या पायथ्याशीं एके काळीं दूरदूरच्या प्रांतांतून आलेले हजारों ब्राह्मण श्रावणांत एका आवारांत कोंडून मोजले जात. तेथून हांकेच्या अंतरावर पेशव्याच्या बागेंत इंग्रज पाहुण्यांची पंगत उठत होती त्याच सुमारास शहरांत माणसें अन्नावांचून मरत होतीं. बाग कोणाची आणि पंगत कोणाची, या दोन प्रश्नांचीं उत्तरें एवढ्याशा जागेंत पावणेतीनशें वर्षांत कितीदां बदललीं, हें पाहण्यासारखें आहे.

बागेंत किंवा रानांत जाऊन जेवणें ही गोष्ट महाराष्ट्रास मुळींच नवी नाहीं. कार्तिक महिन्यांत आवळीच्या झाडाखालीं राधादामोदराची पूजा करून तेथेंच पानें मांडावयाचीं, यास आवळीभोजन म्हणतात. थंडी पडून ज्वारीचीं कणसें हुरड्यास आलीं म्हणजे शेतांत आगटी पेटवावयाची, कणसें भाजून हातांवर चोळावयाचीं, आणि तो हिरवा ऊन ऊन दाणा गूळ, दही व लसणाची चटणी यांच्या संगतीनें खावयाचा, ही मौज तर खेड्यापाड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. आतां पुण्याच्या आसपास हाच हुरडा पैसे भरून खावयास मिळतो, व शहरचीं माणसें मोटारी घेऊन तो खावयास जातात. त्यांत नाक मुरडण्यासारखें कांहीं नाहीं. ज्याचें शेत सुटलें त्यानें हुरडाही सोडावा असा कांहीं नियम नाहीं. मात्र जुन्या वनभोजनाची एक बाब विसरतां येत नाहीं. घराचा उंबरठा ओलांडून मंडळी झाडाखालीं आली, तरी सोंवळें, पंक्ति आणि जात हीं तिघेंही त्यांच्याबरोबर झाडाखालीं येत. आभाळ मोकळें असे. पंगत तशी नसे.

पर्वतीच्या पायथ्याचा इतिहास बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब पेशवे यांच्यापासून सुरू होतो. टेकडीवरील देवदेवेश्वराचें मंदिर १७४९ सालीं उभें राहिलें. पेशव्यांच्या मातुःश्री काशीबाई यांच्या पायाचें दुखणें तेथील देवीच्या कृपेनें बरें झालें, म्हणून हें मंदिर बांधलें, अशी आख्यायिका आहे. मंदिर झाल्यावर पायथ्याशीं आंबील ओढ्यास बांध घालून सुमारें २५ एकरांचें तळें करण्यांत आलें. काम १७५० च्या सुमारास सुरू झालें. तें फार रेंगाळलें तेव्हां एके दिवशीं नानासाहेब स्वतः हत्तीवरून खालीं उतरले व दगड उचलूं लागले, धन्यास दगड वाहतांना पाहून सरदार-मानकऱ्यांनाही शेले सांवरून मातींत उतरावें लागलें, आणि मग काम झपाट्यानें पुरें झालें, असें सांगतात. गोष्ट खरी असो वा नसो, ती टिकून राहिली याचें कारण उघड आहे. दगड वाहणाऱ्या बेलदार-वडारांचीं नांवें कोणी लिहून ठेवलीं नाहींत, पण पेशव्यानें उचललेला एक दगड मात्र पुणें अडीचशें वर्षें विसरलें नाहीं.

तळ्याच्या मध्यभागीं एक बेट ठेवण्यांत आलें होतें. त्यावर बाग झाली, व पुढें तिला सारसबाग हें नांव पडलें. याच काळांत कात्रजच्या तलावांतून भुयारी नळानें शहरांत पाणी आणण्याचें मोठें काम झालें. पेशवाईंतील बागा केवळ हौसेच्या नव्हत्या, त्या या पाण्याच्या आधारावर उभ्या होत्या, हें लक्षांत ठेविलें पाहिजे. पाणी आलें म्हणून हौद झाले, हौद झाले म्हणून कारंजीं व फुलझाडें झालीं. तुळशीबाग, बेलबाग, हिराबाग, मोतीबाग, रमणबाग, विश्रामबाग अशीं नांवें पुण्यांत जागोजाग आढळतात. आज त्यांतील तुळशीबागेंत भांडीकुंडीं व बायकांच्या अलंकारांची बाजारपेठ आहे, रमणबागेंत शाळा आहे, आणि विश्रामबागेंत वाडा आहे. झाडें गेलीं, नांवांपुरती बाग उरली.

नानासाहेबांना आपल्या तळ्याचें सुख फार दिवस लाभलें नाहीं. पानिपतचा घाव उरीं घेऊन ते परत आले, आणि २३ जून १७६१ रोजीं त्याच पर्वतीवर त्यांचें देहावसान झालें.

बेटावरील सिद्धिविनायकाची स्थापना १७८४ सालीं सवाई माधवरावांच्या कारकीर्दींत झाली. पेशवा त्या वेळीं अवघा दहा वर्षांचा होता. राज्याचा गाडा नाना फडणीस हांकीत होते, आणि धन्याच्या वांट्यास जें बालपण आलें त्यांत जनावरांचा छंद हा एक मोठा विसांवा होता. पर्वतीच्या पायथ्याशीं त्याचा शिकारखाना होता. सिंह, गेंडा, हरणें, नाना तऱ्हेचे पक्षी तेथें पाळले होते, आणि पुण्यास आलेले परकी पाहुणे ते मुद्दाम पाहावयास जात. इंग्रजांचा वकील सर चार्ल्स मॅलेट हा १७८६ पासून पुण्याच्या दरबारीं होता. पेशव्याचीं काळविटें वाद्यांचा नाद ऐकून माणसांच्या घोळक्यांत कशीं निर्भयपणें येऊन उभीं राहत, याचें वर्णन त्यानें मोठ्या नवलानें लिहून ठेविलें आहे. ज्या मुलास जन्मापासून दरबाराच्या रीतिरिवाजांनीं जखडून ठेविलें होतें, त्यास या मुक्या प्राण्यांत रमावेंसें वाटलें तर त्यांत नवल तें काय? त्याच्याकरितां शनिवारवाड्यांत हजारी कारंजेंही बांधलें होतें. ऑक्टोबर १७९५ मध्यें त्याच वाड्यांतील गणेशमहालावरून तो खालीं पडला, आणि दोन दिवसांनीं, वयाच्या एकविसाव्या वर्षीं, हें जग सोडून गेला.

आतां पंगतीकडे वळूं. पुण्याचा त्या काळचा सर्वांत मोठा सोहळा म्हणजे श्रावणमासची दक्षिणा. हिचा आरंभ पेशव्यांनीं केलेला नाहीं. खंडेराव दाभाडे सेनापति तळेगांवीं विद्वान् ब्राह्मणांस दक्षिणा वाटीत असत. १७३१ सालीं डभईच्या लढाईंत त्रिंबकराव दाभाडे पडल्यावर हा धर्मादाय पेशव्यांकडे आला व पुण्यांत वाढीस लागला. नानासाहेबांच्या वेळीं तो इतका वाढला कीं, १७५८ सालीं दक्षिणेचा खर्च १८ लाख रुपयांवर गेला असें इतिहासकार नमूद करतात. काशीपासून कर्नाटक-तेलंगणापर्यंतचे ब्राह्मण पुण्याची वाट धरीत. शास्त्री-पंडितांची परीक्षा होऊन त्यांस त्यांच्या विद्येप्रमाणें दक्षिणा मिळे. राहिला तो भिक्षुकांचा लोंढा. त्याच्यासाठीं पर्वतीच्या पायथ्याशीं चार भिंतींचें एक विस्तीर्ण आवार होतें, त्यास रमणा म्हणत. सर्वांस आंत घेऊन दरवाजे लावावयाचे, आणि मग एकेकास बाहेर सोडतांना हातावर दक्षिणा ठेवावयाची. एकच माणूस दोनदां घेऊन जाऊं नये म्हणून ही व्यवस्था! शहरांत महिनाभर ब्राह्मणभोजनें चालत. तूप, गूळ, तांदूळ यांचीं पोतीं व बुधले रिकामे होत, पत्रावळी लावणाऱ्यांस व पाणक्यांस उसंत मिळत नसे.

या दानाविषयीं दोन टोकांचीं मतें नेहमीं ऐकूं येतात. कोणी म्हणतात, यामुळें विद्येचें संरक्षण झालें. कोणी म्हणतात, यामुळें आळस पोसला गेला. खरें पाहतां दोन्ही गोष्टी एकाच दरवाजांतून बाहेर पडत होत्या. ज्यानें न्याय-व्याकरणांत आयुष्य घालविलें अशा शास्त्र्यास वर्षाचा आधार मिळे, आणि ज्यास चार संध्येचे मंत्रही धड येत नसत त्याचीही मूठ भरे. परंतु या वादांत एक तिसरी बाजू सहसा कोणी मांडीत नाहीं. खजिन्यांतला पैसा ज्या सारावसुलींतून येई तो देणारा कुणबी, पालखीपुढें मशाल धरणारा, उष्ट्या पत्रावळी उचलणारा, हे सर्व रमण्याच्या भिंतीबाहेर होते, आणि त्यांच्यासाठीं आंत जाण्याचा दरवाजाच नव्हता.

दुसऱ्या बाजीरावाच्या वेळची एक मेजवानी या दृष्टीनें फार बोलकी आहे. १८०२ च्या अखेरीस वसईचा तह करून बाजीराव इंग्रजांच्या आश्रयास गेला. त्यानंतर एक-दोन वर्षांतच लॉर्ड व्हॅलेंशिया नांवाचा एक इंग्रज उमराव प्रवास करीत पुण्यास आला, तेव्हां त्यास हिराबागेंत भोजन देण्यांत आलें. बाग सुंदर होती, समोर तळें व बेट होतें. त्या उमरावाच्या प्रवासवृत्तांतांत या भोजनाचें वर्णन आहे. जमिनीवर पांढरें कापड, प्रत्येकापुढें केळीचें पान, पानावर भात, पोळ्या-पक्वान्नें, भाज्यांचे अनेक प्रकार आणि तूप, असा तो बेत होता. मांसाचा अर्थातच संपर्क नव्हता. घट्ट विजारी घातलेल्या त्या साहेबांस मांडी घालून बसतांना काय यातना झाल्या असतील त्याची कल्पना करवते. यजमान त्यांच्या पंक्तीस बसला नाहीं. त्या काळच्या आचारांत तें शक्यही नव्हतें. ज्यांच्या पलटणींच्या बळावर आपली गादी टिकून आहे त्यांस जेवूं घालावयाचें, पण त्यांच्याबरोबर जेवावयाचें नाहीं, अशी ती विलक्षण स्थिति होती.

आणि बागेबाहेर काय होतें? २५ ऑक्टोबर १८०२ रोजीं यशवंतराव होळकरानें पुण्याजवळ पेशवे व शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला होता. त्यानंतर शहराची नागवण झाली, आसपासचा मुलूख फौजांच्या घोड्यांखालीं तुडविला गेला, पेरण्या बुडाल्या, आणि १८०३-०४ सालीं दख्खनेंत भयंकर दुष्काळ पडला. गांवेंच्या गांवें ओस पडलीं. पोटासाठीं लोक पुण्याकडे धांवले, आणि पुण्यांतही अन्न नव्हतें. हिराबागेचीं केळीचीं पानें आणि हा दुष्काळ एकाच दोन-तीन वर्षांच्या आंतले आहेत. पेशवाई कां बुडाली याची कारणें शोधतांना तहनाम्यांबरोबर या पानांकडेही पाहावें. पुढें ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीची लढाई झाली, ती बाजीरावानें पर्वतीवरूनच पाहिली. तळें, बाग आणि रमणा त्या दिवशीं त्याच्या पाठीशीं-पायाशींच होते.

बागांचा इतिहास सांगतांना माळ्यांस विसरून चालणार नाहीं. पेशव्यांच्या वाड्यांत रोज लागणाऱ्या फुलांचे हार, गजरे, फुलांच्या चादरी तयार करून देणारें एक माळी कुटुंब होतें. मूळचें आडनांव गोऱ्हे. फुलांच्या धंद्यावरून लोक त्यांस फुले म्हणूं लागले. त्यांच्या कामगिरीवर खूष होऊन पेशव्यानें या कुटुंबास ३५ एकर जमीन इनाम दिली होती. ती थोरल्या भावाच्याच हातीं राहिली, आणि धाकटे गोविंदराव यांनीं फुलें व भाजीपाल्याचें दुकान काढून संसार केला. या गोविंदरावांचा मुलगा म्हणजे जोतीराव फुले, जन्म १८२७. ज्यांच्या बागेचीं फुलें देवघरापर्यंत जात, पण ज्यांच्या मुलांस शाळेचा उंबरठा दुर्लभ होता, त्या समाजांतील या पुरुषानें १८४८ सालीं भिडे वाड्यांत मुलींची शाळा काढली, आणि १८६८ सालीं आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांस खुला केला. पेशवाईच्या कात्रजच्या पाण्यानें हौद भरले होते. ते कोणाचे, हा प्रश्न विचारणारा मनुष्य पेशव्यांच्याच फुलवाल्याच्या घरांत जन्मास यावा, हा योग इतिहासांत वारंवार येत नाहीं.

इंग्रजी अंमल आल्यावर दक्षिणेचें काय करावें हा एल्फिन्स्टनपुढें पेंच होता. एकदम बंद करावी तर ब्राह्मणवर्ग बिथरणार, चालू ठेवावी तर खर्च व्यर्थ. त्यानें मध्यम मार्ग काढिला. दक्षिणा कमी करून ५०,००० रुपयांवर आणली, आणि १८२१ सालीं विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा सुरू केली. पुढें १८४९ सालीं लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख प्रभृति सुधारकांनीं सरकारकडे अर्ज केला कीं, दक्षिणेचा कांहीं भाग मराठींत उपयुक्त ग्रंथ लिहिणारांस बक्षिसादाखल द्यावा. शहरांत एकच गहजब उडाला. आमच्या पोटावर पाय देतां काय, असा भिक्षुकवर्गाचा सवाल होता. तथापि १८५१ मध्यें दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली. तिनें अनेक ग्रंथांस उत्तेजन दिलें हें खरें. पण जोतीराव फुले यांनीं १८५५ सालीं लिहिलेलें ‘तृतीय रत्न’ हें नाटक याच कमिटीनें नाकारलें हेंही तितकेंच खरें. भिंत गेली होती, तरी दरवाजावरचे लोक तेच होते. याच दक्षिणेच्या पैशांतून कॉलेजांत दक्षिणा फेलो नेमण्यांत येऊं लागले, आणि त्या फेलोंत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखीं माणसें निघालीं. रमण्याच्या दरवाजांत मुठींत पडणाऱ्या रुपयाचा याहून चांगला उपयोग क्वचितच झाला असेल.

पर्वतीनें आणखी एक संस्था पुण्यास दिली. पर्वती संस्थानच्या कारभाराविषयीं लोकांत असंतोष माजला होता. पंच मनास येईल तसें वागतात, हिशेब कोणास दाखवीत नाहींत, अशा तक्रारी होत्या. त्यांचा विचार करण्यासाठीं जी मंडळी जमली तिच्या खटपटींतूनच २ एप्रिल १८७० रोजीं पुणें सार्वजनिक सभा जन्मास आली. देवस्थानच्या नैवेद्याचा हिशेब मागतां मागतां लोक सरकारच्या जमाखर्चाचा हिशेब मागावयास शिकले. आणि १८८५ सालीं राष्ट्रीय सभेचें पहिलें अधिवेशन पुण्यास भरवावयाचें ठरलें, तेव्हां प्रतिनिधींच्या उतरण्याची सोय पर्वतीजवळच्या पेशव्यांच्या बागेंतच करण्यांत आली होती. पुण्यांत पटकीची सांथ आली म्हणून अधिवेशन मुंबईस हलवावें लागलें. तसें झालें नसतें तर काँग्रेसच्या पहिल्या पंगतीस बाजीरावाच्या बागेची सावली लाभती.

लाभती, पण त्या पंगतीस एकत्र बसलें असतें कोण? याचें उत्तर पांचच वर्षांनीं मिळालें. १४ ऑक्टोबर १८९० रोजीं पंचहौद मिशनमध्यें व्याख्यानासाठीं जमलेल्या प्रतिष्ठित पुणेकरांपुढें चहा व बिस्किटें ठेवण्यांत आलीं. कोणी प्याले, कोणी नुसता पेला तोंडास लावला, कोणी हातांत घेऊन खालीं ठेविला. गोपाळराव जोशी यांनीं या मंडळींचीं नांवें ‘पुणेवैभव’ पत्रांतून छापविलीं, आणि शहरांत ग्रामण्य उभें राहिलें. रानडे व टिळक हे दोघेही त्या यादींत होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, चौकशी बसली. टिळकांनीं काशीस घेतलेल्या प्रायश्चित्ताचा दाखला पुढें केला. रानडे यांनीं मित्रमंडळींच्या अडचणींकडे पाहून १८९२ सालीं प्रायश्चित्त घेतलें, त्याबद्दल सुधारकांनीं त्यांस दोष दिला. एका पेल्याभर चहासाठीं घराघरांतून माहेरवाशिणी अडल्या, श्राद्धास ब्राह्मण मिळेनासे झाले. आज ज्या गांवांत अमृततुल्याच्या दुकानापुढें उभ्या असलेल्या माणसाची जात कोणी विचारीत नाहीं, त्याच गांवची ही कथा आहे, आणि ती फार जुनीही नाहीं.

चहाची भानगड उच्चवर्णीयांतली होती, तींत गेलें तें प्रायश्चित्ताच्या खर्चावर निभावलें. पर्वतीच्या पायऱ्यांवर जें घडलें तें त्याहून गंभीर होतें. १३ ऑक्टोबर १९२९ रोजीं अस्पृश्य बांधवांनीं पर्वतीच्या मंदिरांत प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह सुरू केला. शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज ही मंडळी पुढें होती. एस. एम. जोशी, काकासाहेब गाडगीळ यांच्यासारखे सवर्ण कार्यकर्तेही त्यांत सामील झाले. मंदिराचे दरवाजे बंद करण्यांत आले, आणि सत्याग्रह्यांवर दगड पडले. ज्या टेकडीच्या तळ्यासाठीं पेशव्यानें दगड उचलल्याची गोष्ट शहर कौतुकानें सांगत होतें, त्याच टेकडीवर हे दगड माणसांवर उचलले गेले. सत्याग्रह कित्येक आठवडे चालला, पण दरवाजे उघडले नाहींत. मुंबई इलाख्यांत मंदिरप्रवेशाचा कायदा होण्यास १९४७ साल उजाडावें लागलें.

१५ फेब्रुवारी १९५० रोजीं पुण्यास महानगरपालिका झाली, आणि बागेचा मालक बदलला. १९५३ सालीं तळ्यालगतच्या जागेंत पेशवे पार्क उघडण्यांत आलें. सवाई माधवरावाच्या शिकारखान्यानंतर दीडशेंहून अधिक वर्षांनीं त्याच परिसरांत पुन्हां वाघ-सिंहांची डरकाळी ऐकूं आली. फरक एवढाच कीं, आतां ती ऐकण्यास दरबारचा परवाना लागत नव्हता. दाराशीं तिकीट घेतलें कीं झालें. ८ एप्रिल १९५६ रोजीं तेथें फुलराणी नांवाची लहानशी आगगाडी सुरू झाली. पुण्याच्या किती पिढ्यांनीं आपला पहिला आगगाडीचा प्रवास तींतून केला असेल! जिथून निघावें तिथेंच परत यावयाचें, तरी उतरतांना मुलें रडत, एवढें त्या गाडीचें माहात्म्य. १९९९ सालीं कात्रज येथें राजीव गांधी प्राणिसंग्रहालय सुरू झालें, व पुढें पेशवे पार्कांतील जनावरें तिकडे नेण्यांत आलीं. पाणी एके काळीं कात्रजहून पर्वतीकडे आलें होतें, जनावरें पर्वतीकडून कात्रजला गेलीं.

मधल्या काळांत तळें आटविण्यांत आलें. साठीच्या दशकांत त्या जागीं हिरवळी, पायवाटा व फुलांचे वाफे करून आजची सारसबाग आकारास आली. गणपति मात्र ‘तळ्यांतला’च राहिला. थंडीच्या दिवसांत या गणपतीस लोंकरीचा स्वेटर व कानटोपी घालतात. परगांवचे लोक हंसतात, पण पुणेकरांस त्यांत हंसण्यासारखें कांहीं दिसत नाहीं; घरच्या माणसास गारठा बाधूं नये इतकाच त्यांतील भाव आहे.

आणि मग बागेच्या कडेस खाण्याच्या गाड्या आल्या. तेथें अनेक वर्षें एक चौपाटीच वसली. अस्वच्छता व अतिक्रमण यांवरून महापालिकेनें ती वेळोवेळीं बंदही केली, आणि वेळोवेळीं ती पुन्हां उभी राहिली. शहरास जी भूक असते तिला नियम लावतां येतात, तिला हद्दपार करतां येत नाहीं. येथील मुख्य पदार्थ पाहिले तर गंमत वाटते. पावभाजी मुंबईच्या गिरणगांवांत जन्मली असें सांगतात. तींतला पाव पोर्तुगीजांनीं आणला, बटाटाही त्यांच्याच मार्फत आला व नांवासकट राहिला. टोमॅटो तर जुन्या माणसांस वांग्याचाच कांहीं विलायती भाऊबंद वाटे. मिरची तेवढी पेशव्यांच्या मुदपाकखान्यांत रुळलेली होती. पण तीही मूळची अमेरिकेचीच. म्हणजे नानासाहेबाच्या पानावर ज्यांचा ठावठिकाणा नव्हता अशा जिनसा त्याच्या तळ्याकांठीं ताटलींत एकत्र नांदतात. पाव म्हणजे एके काळीं बाटण्याचें साधन! विहिरींत पाव टाकून गांव बाटविल्याच्या गोष्टी कोंकणांत अजून सांगतात. तो पाव आतां चतुर्थीचें दर्शन झाल्यावर लोण्यांत भाजून खाल्ला जातो.

या गाड्यांची पंगत हिराबागेच्या पंगतीहून अगदीं निराळी असते. येथें बसण्याचा क्रम नसतो. शेजारच्या बाकावर कोण आहे हें पाहण्यास कोणास सवड नसते. पैसे ज्याच्या खिशांत आहेत तो जेवतो, आणि ज्याच्या खिशांत नाहींत तो फुगे विकीत बाहेर उभा असतो. जातीचा दरवाजा मोडला, तेथें पैशाचा दरवाजा आला, असें म्हणणारे म्हणतात, व तें खोटें नाहीं. पण पैशाचा दरवाजा कधीं तरी उघडण्याची आशा असते. रमण्याच्या दरवाजास ती नव्हती.

पुण्याच्या दुसऱ्या टोकास, लष्कराच्या बाजूस, एम्प्रेस बाग आहे. ती पूर्वीं गोऱ्या शिपायांची बाग होती. १८३० सालीं स्थापन झालेल्या शेतकी व बागबगीचा संस्थेकडे ती आली, आणि दर वर्षीं थंडींत तेथें भरणारें पुष्पप्रदर्शन पाहण्यास सारें शहर लोटतें. फुलें पाहून झालीं कीं खाण्याच्या मांडवाकडे वळण्याचा शिरस्ता तेथेंही आहे. बाग आणि भूक यांचें नातें तिकडेही सुटलेलें नाहीं.

पर्वतीच्या पायथ्याशीं ज्या ओढ्यावर हें सारें उभें राहिलें तो आंबील ओढा मात्र शहर विसरलें. तळें आटलें, पात्र दोन्ही बाजूंनीं आवळत गेलें, त्याच्या कांठीं वस्त्या झाल्या, आणि ओढा हा सांडपाण्याचा नाला होऊन बसला. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं दक्षिण पुण्यांत मुसळधार पाऊस झाला. ओढा आपल्या जुन्या वाटेनें निघाला, भिंती कोसळल्या, मोटारी वाहून गेल्या, आणि शहर व परिसरांत मिळून वीसांहून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्यांत ओढ्याकांठच्या गरीब वस्त्यांतलीं माणसें होतीं. पेशव्यांच्या अभियंत्यांनीं या पाण्यास थांबावयास २५ एकर जागा दिली होती.

दर दिवाळींत सारसबागेंत पहांटे लोक जमतात. अंधार असतांनाच पायवाटांच्या कडेनें, हिरवळीवर, मंदिराच्या कठड्यांवर हजारों पणत्या लावल्या जातात. नवे कपडे घातलेलीं मुलें तेल सांडीत हिंडतात, गाणें चालू असतें, उजाडतांच मंडळी फराळाचे डबे उघडतात आणि ओळखीच्या-अनोळखीच्या माणसांपुढें चकली, लाडू धरतात. त्या वेळीं पर्वतीच्या पायऱ्यांवरूनही माणसें चढत-उतरत असतात. दिवस वर आला कीं झाडूवाले येतात, आणि विझलेल्या पणत्या गोळा करूं लागतात.